करार संपल्यावर आपल्या हाती काय उरते?

खान्देशात सौरपंपाच्या प्लेटा वावरावावरांत दिसू लागल्या आणि त्यांच्याबरोबर एक वादही गावोगाव उभा राहिला. चहाच्या टपरीवर आणि कृषी प्रदर्शनाच्या मांडवात तो सारख्याच तावातावाने चालतो. एक बाजू म्हणते, हा सगळा चिनी माल, जर्मन कर्ज आणि परदेशी कंपन्यांची चांदी. ‘आंतरराष्ट्रीय सहकार्य’ हे त्याला दिलेले गोंडस नाव. आपले आपण करावे, कुणाच्या दारात जाऊ नये. दुसरी बाजू म्हणते, जग तयार माल स्वस्तात देते आहे तर घ्यावा आणि मोकळे व्हावे. प्रयोगशाळा आणि संशोधन ही श्रीमंतांची थेरे. आवेश दोन्हीकडे दांडगा, पण कोणत्या करारात काय लिहिले आहे हे सहसा कुणीच पाहिलेले नसते. माझे मत आधीच सांगतो. स्वच्छ ऊर्जेच्या तंत्रज्ञानात सहकार्य हवे, आज आहे त्याहून बरेच जास्त हवे. मात्र प्रत्येक कराराला एक प्रश्न विचारला पाहिजे: भागीदार उद्या उठून निघून गेला, तर काम पुढे रेटण्याइतके ज्ञान, माणसे आणि मोजमाप इथे उरेल का? उरणार असेल तर ते सहकार्य. नसेल तर ती खरेदी. खरेदीतही गैर काही नाही, फक्त तिला खरेदीच म्हणावे.

भागीदार उठून गेल्याचा अनुभव आपण पन्नास वर्षांपूर्वीच घेतला आहे, आणि तोही एकाच वेळी दोन ठिकाणी. १९६० च्या दशकात भारताने अणुविजेसाठी दोन देशांशी हात मिळवले. तारापूरच्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने बांधून दिल्या; त्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. राजस्थानात रावतभाट्याला कॅनडाच्या मदतीने जड पाण्यावर चालणाऱ्या भट्ट्यांचे काम निघाले. मे १९७४ मध्ये पोखरणचा स्फोट झाला आणि दोन्ही भागीदार बिथरले. अमेरिकेने इंधन आधी रेंगाळवले, मग थांबवले. कॅनडाने दुसऱ्या भट्टीचे काम अर्ध्यावर टाकून अंग काढून घेतले. तारापूरला समृद्ध युरेनियम लागते. ते इथे बनत नव्हते, म्हणून १९८२ पासून फ्रान्सकडे आणि पुढे आणखी कुणाकडे हात पसरावा लागला. रावतभाट्याची दुसरी भट्टी मात्र भारतीय अभियंत्यांनी १९८१ मध्ये चालू करून दाखवली. उशीर झाला, जड पाण्याची ओढाताण झाली, पण काम अडून राहिले नाही. कारण तिथे नैसर्गिक युरेनियम चालत होते, आराखडे हाती आले होते, पहिल्या भट्टीवर आपली माणसे राबली होती आणि दुसरीचे बरेच भाग भारतीय कारखान्यांत घडत होते. त्याच घराण्यातून पुढे २२० मेगावॉट, मग ५४० आणि अखेर ७०० मेगावॉटच्या भट्ट्या निघाल्या. ७०० च्या पहिल्या दोन कुठे आहेत? उकाई धरणाच्या खाली, तापीलगत काकरापारला. म्हणजे आपल्या नवापूरच्या पलीकडेच. (अणुवीज स्वच्छ मानावी की नाही हा वेगळा वाद, इथे मुद्दा कराराच्या आतल्या मजकुराचा आहे.)

एकच दशक, एकच स्फोट, एकच बहिष्कार, आणि फळ दोन जातींचे. ‘आपले आपण करा’ म्हणणारे रावतभाट्याचे उदाहरण हटकून देतात, पण अर्धेच. कॅनडाबरोबरची सुरुवातीची वर्षे वगळली, तर एकट्याने पूर्ण करण्यासारखे काही उरलेच नसते.

आता विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा. सौर प्लेटच्या साखळीत, म्हणजे पॉलिसिलिकॉन (शुद्ध सिलिकॉन), वेफर (त्याची पातळ चकती), सेल (वीज बनवणारा तुकडा) आणि मॉड्यूल (सेल जोडून केलेली तयार प्लेट) या प्रत्येक टप्प्यावर, चीनचा वाटा ८० टक्क्यांच्या वर आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ मध्येच हे मांडले होते. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मिळ मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, आणि मोटारी बनवणाऱ्यांची जगभर धावपळ झाली. त्याच वर्षी लिथियम बॅटरीच्या कॅथोडचे तंत्र बाहेर जाण्यावरही बंधन आले. परदेशी इन्व्हर्टर दुरून बंद करता येतो ही भीतीही हवेतली नाही. हे सगळे मान्य. पण चीन तिथे पोचला कसा? सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेल्या शी झेंगरोंग यांनी २००१ मध्ये वूशी शहरात सनटेक ही कंपनी काढली. यंत्रे मोठ्या प्रमाणात जर्मन होती आणि गिऱ्हाईकही जर्मन, कारण २००० च्या जर्मन कायद्याने सौरविजेला वीस वर्षांचा बांधील दर दिला होता. पुढे बाजारात खूप खपलेली पर्क सेलची रचना मुळात त्याच सिडनीच्या प्रयोगशाळेची, १९८९ सालची. टॉपकॉन ही सेलची नवी रचना फ्रायबुर्गच्या फ्राउनहोफर संस्थेतून २०१३ मध्ये पुढे आली. म्हणजे ज्या मक्तेदारीकडे बोट दाखवून सहकार्य नको म्हणायचे, ती स्वतः सहकार्यातून उभी राहिलेली आहे. चीनने जे जे आणले ते पचवले, त्यावर कारखाने काढले आणि यंत्रेही स्वतः बनवायला घेतली.

‘तयार मिळते तर घ्या’ म्हणणाऱ्यांनी बॅटरीची कथा पाहावी. आज ई-रिक्षापासून वीजसाठ्याच्या मोठ्या कंटेनरपर्यंत जी लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी चालते, तिचा मूळ शोधनिबंध १९९७ चा, टेक्सास विद्यापीठातील जॉन गुडइनफ यांच्या गटाचा. त्यावरची पहिली दोन नावे आहेत पाढी आणि नंजुंडस्वामी. दोघेही भारतीय. डोके आपले, प्रयोगशाळा अमेरिकेची आणि कारखाने चीनचे! शोधाच्या जागी आपला माणूस होता, पण त्या शोधाला परत येऊन बसायला इथे जागाच नव्हती: ना पावडर बनवणारा उद्योग, ना सेलची चाचणी घेणारी यंत्रणा, ना त्या कामाला पैसे लावणारा कुणी. तयार माल घेणाऱ्याला ही जागा कधीच लागत नाही, म्हणून ती तयारही होत नाही.

दुसरा आक्षेप दिरंगाईचा. पुष्कळ देश एकत्र आले की काम रेंगाळते, खर्च फुगतो, जबाबदारी कुणाचीच राहत नाही. याचे सर्वांत मोठे उदाहरण फ्रान्समधला ईटर प्रकल्प. अणुकेंद्रांच्या मीलनातून ऊर्जा मिळवण्याच्या या प्रयोगाचे बीज नोव्हेंबर १९८५ च्या जिनिव्हा बैठकीत रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी टाकले. भारत त्यात २००५ मध्ये शिरला. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नव्या वेळापत्रकानुसार संशोधन २०३४ मध्ये सुरू होईल आणि खऱ्या इंधनाचे प्रयोग २०३९ मध्ये. अशा कामात काय बिघडते याचा नमुनाही तिथेच मिळतो. यंत्रातली उष्णता अडवणाऱ्या पत्र्यांवर थंड वायूच्या सुमारे २३ किलोमीटर लांबीच्या नळ्या जोडलेल्या आहेत. बनवताना क्लोराइडचे अंश जोडाच्या फटीत अडकून राहिले, ताणाखालच्या पोलादाला गंजाचे बारीक तडे गेले आणि बसवलेला भागही उपसून काढावा लागला. जिनिव्हालाच १९५५ मध्ये होमी भाभांनी हे मीलन वीस वर्षांत काबूत येईल असे भाकीत केले होते. त्याला सत्तर वर्षे उलटून गेली.

दिरंगाई खरी, तरी ताळेबंदाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ईटरमध्ये भारताचा वाटा साधारण ९ टक्के, आणि तो रोख रकमेपेक्षा मुख्यतः वस्तूंच्या रूपात द्यायचा आहे. बदल्यात प्रकल्पात निर्माण होणारे ज्ञान सर्व भागीदारांना खुले. सगळ्या यंत्राला वेढणारे क्रायोस्टॅट, म्हणजे सुमारे ३,८५० टन वजनाचे आणि २९ मीटर उंचीरुंदीचे स्टेनलेस स्टीलचे निर्वात पात्र, लार्सन अँड टुब्रोने हजिऱ्याला घडवले. मुक्ताईनगर-भुसावळवरून वाहत गेलेली तापी जिथे समुद्राला मिळते, तिथेच हे गाव. एवढ्या जाडीचे वेल्डिंग निर्वाताला टिकेल असे करायचे, जोड न जोड तपासायचा, तुकडे फ्रान्सला नेऊन तिथे पुन्हा सांधायचे. हे करणारे वेल्डर आणि तपासनीस आता इथे आहेत. उद्या ईटर बंद पडले तरी त्यांचे हात कुणी परत मागणार नाही.

देशांमध्ये वैर असताना सहकार्य कसले, असेही विचारले जाते. ईटरमधल्या यंत्राला टोकामॅक म्हणतात. ती रचना मुळात सोव्हिएत. १९६८ मध्ये रशियन शास्त्रज्ञांनी जाहीर केले की त्यांच्या टी-३ यंत्रात सुमारे एक कोटी अंश तापमान गाठले गेले. पश्चिमेने विश्वास ठेवला नाही. शीतयुद्ध ऐन भरात होते. त्याच ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले होते. तरीही १९६९ मध्ये कल्हम प्रयोगशाळेचे ब्रिटिश पथक आपले लेसरचे उपकरण घेऊन मॉस्कोला गेले, स्वतः तापमान मोजले आणि रशियनांचा दावा खरा असल्याचे छापले. जगभरच्या प्रयोगशाळा त्यानंतर टोकामॅककडे वळल्या. त्या वेळी मैत्री कुणी मागितली नव्हती. मोजणारा स्वतःचे उपकरण घेऊन गेला, आणि यजमानाने ते लावू दिले.

मोजण्याचा हाच मुद्दा खान्देशात सर्वांत जास्त बोचतो. प्लेटच्या मागच्या चिठ्ठीवरचे ५४० वॉट प्रयोगशाळेतले असतात: चौरस मीटरला १,००० वॉट उजेड आणि सेलचे तापमान २५ अंश. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी नुसती हवाच ४४ अंशांवर असते. उत्पादकाच्या माहितीपत्रकात आणखी एक आकडा असतो, बहुधा ४५ अंशांचा. हवा २० अंश, उजेड ८०० वॉट आणि वारा मंद असताना सेल किती तापतो, त्याचा तो आकडा. त्यावरून हिशेब केला तर ९०० वॉट उजेडात सेल हवेपेक्षा सुमारे २८ अंशांनी जास्त तापतो, म्हणजे ७२ अंशांवर जातो. पर्क सेलची ताकद दर अंशामागे सुमारे ०.३५ टक्क्याने घटते. २५ च्या वर ४७ अंश म्हणजे १६ टक्क्यांहून जास्त घट. उजेडही ९०० च आहे हे धरले, तर ५४० ची प्लेट धुळीचा कण नसताना ४०० वॉटच्या आसपास देते. टॉपकॉनला ही घट साधारण १४ टक्के, हेटरोजंक्शन या तिसऱ्या जातीच्या सेलला १२ टक्के. म्हणजे कोणती प्लेट घ्यावी याचे उत्तर थंड देशात एक आणि रावेरला दुसरे येऊ शकते.

हे दोन-चार टक्के किरकोळ वाटत असतील, तर केळीचा हिशेब घाला. दीड बाय दीड मीटरवर लावलेल्या बागेत एकरी साधारण १,७५० झाडे. मेमध्ये झाडाला रोज २० लिटर धरले तरी ३५,००० लिटर पाणी झाले. ते १०० मीटर खोलीवरून उचलायला निव्वळ ऊर्जा लागते साडेनऊ युनिट. पंप, मोटर आणि पाइपचे घर्षण धरून निम्म्याहून थोडी कमीच ऊर्जा कामी येते, म्हणून प्रत्यक्षात वीस युनिट. पाच अश्वशक्तीच्या सौरपंपाला सुमारे ४,८०० वॉटच्या प्लेटा असतात. उन्हाळ्यात चांगल्या दिवशी त्या वीस-बावीस युनिट देतात. हिशेब एका एकरावर संपला! राज्याच्या योजनेत अश्वशक्ती ठरते जमिनीच्या क्षेत्रावर: अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. यावल-रावेरची खोल गेलेली पाणीपातळी या कोष्टकात कुठेच बसत नाही. मग ‘सोलर चालत नाही’ अशी बोंब उठते आणि दोष चीनला दिला जातो. पावसाच्या तोंडावर लावलेली मृगबाग आणि पावसाळ्यानंतर लावलेली कांदेबाग या केळीच्या दोन हंगामांची पाण्याची गरज वेगवेगळ्या महिन्यांत चढते. प्लेटची घटही महिन्यागणिक बदलते. हे दोन आलेख एकावर एक ठेवून पाहण्याचे काम फ्रायबुर्ग किंवा वूशीतला शास्त्रज्ञ कशाला करील?

धूळ त्यात आणखी भर घालते. काळ्या जमिनीची बारीक माती एप्रिल-मेमध्ये काचेवर बसते, दव किंवा वळवाचा शिडकावा आला की तिचा लेप होतो. ती धुवायला बोअरचे क्षाराचे पाणी वापरले की वाळल्यावर पांढरा थर चढतो, आणि हा थर नुसत्या फडक्याने निघत नाही. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारणे तर आणखी वाईट. पहाटे, क्षार कमी असलेल्या पाण्याने, प्लेटमागे दोन-तीन लिटर वापरून मऊ पुसणीने धुवावे, हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण किती दिवसांनी धुतले तर पाणी, मजुरी आणि विजेचा मेळ बसतो, याचे उत्तर प्रत्येक तालुक्याचे वेगळे असेल, आणि ते मोजूनच काढावे लागेल.

अशी मोजणी देशात झालेलीच नाही असे नाही. मुंबई आयआयटीच्या राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन केंद्राने २०१३ पासून काही फेऱ्यांत देशभरच्या सौर प्लेटांची पाहणी केली. उष्ण भागात प्लेटा जास्त वेगाने म्हाताऱ्या होतात आणि छोट्या, निष्काळजीपणे बसवलेल्या संचांची दशा अधिक वाईट असते, हे त्यातून पुढे आले. भारत आणि अमेरिकेने २०१२ मध्ये सौर संशोधनाची एक संयुक्त संस्था पाच वर्षांसाठी काढली होती, इकडून बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि तिकडून तिथली राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळा. धुळीचा अभ्यास तिच्याही कामात होता. मुदतीच्या कार्यक्रमांची अडचण एवढीच की मुदत संपली की मोजणी थांबते. प्लेटेचे आयुष्य पंचवीस वर्षांचे आणि मोजणाऱ्याला निधी पाच वर्षांचा, ही जोडी जमायची कशी?

खान्देशाला असले धडे दोनदा मिळाले आहेत, एकदा गोड आणि एकदा कडू. ठिबक सिंचनाची आधुनिक रीत इस्रायली अभियंते सिम्हा ब्लास यांच्या कल्पनेवर १९६५ मध्ये इस्रायलच्या हत्झेरिम किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक शेतीच्या वसाहतीत, उद्योग म्हणून उभी राहिली. इस्रायलशी आपले पूर्ण राजनैतिक संबंध जुळले १९९२ मध्ये; ठिबक त्याआधीच जळगावला पोचले होते. सुरुवातीला ते इथे नीट चालले का? नाही. क्षार आणि शेवाळ्याने ड्रिपर बंद पडत. वाळूचा फिल्टर, जाळीचा फिल्टर, ठरावीक दिवसांनी ॲसिड ट्रीटमेंट, क्लोरीनची मात्रा, केळीच्या ओळीप्रमाणे नळ्यांची मांडणी, हे सगळे इथल्या पाण्याशी झगडून ठरले. ज्ञान इथे पिकले म्हणून जळगावची कंपनी पुढे इस्रायलच्या ठिबक कंपनीत भागीदार होऊ शकली. कापसाचे उलटे झाले. २००२ मध्ये बीटी, म्हणजे बोंडअळीला तोंड देणारे जनुक घातलेले बियाणे, आले ते बंद पाकिटात. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी असायची. बोंडअळीत प्रतिकारशक्ती लवकर येऊ नये म्हणून ती कडेने पेरायची होती. किती वावरांत ती पेरली गेली? पुडी बांधावर पडली, कारण ती कशासाठी आहे हे कुणी दाखवून दिले नाही आणि कुणी मोजलेही नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने काय केले, ते इथल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. तंत्र परदेशी होते म्हणून बुडालो, हे निदान चुकीचे. तंत्राबरोबर यायला हवे ते शेतावरचे विज्ञान आले नाही.

पैशाचा मुद्दा थोडक्यात, कारण तो बहुतांशी खरा आहे. श्रीमंत देशांनी २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत विकसनशील देशांना २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलरचे वचन दिले, ते पुरे झाले २०२२ मध्ये, आणि त्यातला मोठा भाग कर्जाचा. साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरचा महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जातून उभा राहिला. २०१३ पासून तो इथला उन्हाळा सोसतो आहे. कर्ज फेडायचे असते, ते काही विज्ञानातले सहकार्य नव्हे. पण त्या कर्जातून आपल्याकडे एक असा ठेवा तयार झाला आहे ज्याला परदेशी संशोधकही किंमत देतील: खान्देशच्या तापमानात एक तपाहून जास्त काळ उघड्यावर उभ्या असलेल्या लाखो प्लेटा. याच पट्ट्यात ब्राह्मणवेल आणि छडवेलच्या डोंगरांवर पवनचक्क्याही आहेत. पवनऊर्जेत डेन्मार्कने १९९८ मध्ये चेन्नईच्या पवनऊर्जा संशोधन केंद्राला आणि तमिळनाडूतल्या कायथारच्या चाचणी तळाला मदत केली. पवनचक्क्या विकून डॅनिश थांबले असते तर त्यांचा धंदा झालाच असता. चाचणी तळ मागे राहिला, म्हणून आज पवनचक्कीचा कस इथेच लावता येतो.

तसा तळ उष्णतेसाठी जळगावला का नसावा? आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने २०२० मध्ये ७० अंशांच्या वर तापणाऱ्या प्लेटांसाठी वेगळा चाचणी दस्तऐवज काढला, आयईसी टीएस ६३१२६. मानके ठरवणाऱ्या अशा समित्यांमध्ये फोटो काढण्यासारखे काही नसते, पण कोणती प्लेट विकता येईल हे शिखर परिषदांपेक्षा तिथेच जास्त ठरते. त्या टेबलावर भाषण चालत नाही, नोंदी लागतात. नोंदींना लागणारी सामग्रीही अवाढव्य नाही: उजेड मोजायचा पायरानोमीटर, प्लेटच्या पाठीला चिकटवायचे तापमान संवेदक, करंट-व्होल्टेजचा आलेख काढणारे यंत्र, अंधारात सेलचे तडे दाखवणारा कॅमेरा. १९९० पासून उभे असलेले, आता कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव लावणारे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगावात आहे, धुळे, शिरपूर आणि भुसावळला अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. परदेशी कर्जाच्या किंवा यंत्राच्या पुढच्या करारात दोन कलमे घालायला सांगावे. एक, प्रकल्पाच्या मिनिटामिनिटाच्या नोंदी विद्यापीठाला मिळतील. दोन, दरवर्षी काही प्लेटा उतरवून इथल्या प्रयोगशाळेत उघडल्या जातील, आणि जोडपट्टीचा डाख सुटला, पाठीच्या प्लास्टिकला तडे गेले की डायोड जळाला, याचा अहवाल दोन्ही देशांत छापला जाईल. सौरपंपांच्या कंट्रोलरला सिमकार्डाचा डबा लावलेला असतोच. तो रोज पाठवतो त्या आकड्यांतून गावाचे आणि शेतकऱ्याचे नाव काढून बाकीचे खुले करायला वेगळे यंत्रही लागत नाही. समोरच्याने ही कलमे नाकारली, तर त्याच्याकडून माल घ्यायला हरकत नाही, पण मग निविदा काढावी आणि सर्वांत स्वस्त देणाऱ्याला काम द्यावे.